युकुलेलेचा सूर सतत उतरतो: तारा बदलायच्या की वाद्यच?

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. चार महिन्यांपूर्वी तुम्ही ऑनलाइन एक सोप्रानो, म्हणजे छोट्या आकाराचं, युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं वाद्य) मागवलं, लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवलेलं, अडीच हजारांच्या आतलं. देशोदेशीच्या हौशी लोकांच्या एका ऑनलाइन गटात शिरलात. तिथे दर आठवड्याला एक गाणं आणि त्याचे कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह) देतात, रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर जमतात. आता तक्रारी अशा: वाद्याचा सूर दहा मिनिटांत उतरतो. सूर तपासणारा ट्यूनर हिरवा दाखवतो, सी कॉर्ड बरा वाजतो, पण एफ आणि जी सेव्हन कानाला टोचतात. कॉलवर तुम्ही कायम मागे पडता. आणि गाणी तुमच्या पट्टीत, म्हणजे काळी चारमध्ये, बसत नाहीत. गटातल्या कुणी फ्लुओरोकार्बनच्या तारा सुचवल्या, कुणी लो जी, कुणी सरळ 'सॉलिड लाकडाचं कॉन्सर्ट (थोडं मोठं युकुलेले) घे' म्हणालं. पाच हजार रुपये बाजूला काढलेत, ते कशावर घालू?

सध्या कशावरच घालू नका. निदान खालच्या तपासण्या होईपर्यंत तरी.

तुम्हाला मिळालेला प्रत्येक सल्ला खरेदीचा आहे, हे लक्षात आलं का? त्यात गटातल्या लोकांचा दोष नाही. त्यांना तुमचं वाद्य हातात घेता येत नाही, तारेखाली किती फट आहे ते दिसत नाही, गाठ कशी बांधली आहे ते दिसत नाही. फोनच्या माइकमधून जेवढं पोचतं त्यावर माणूस दुसरं काय सांगणार? मीही तुमचं वाद्य पाहिलेलं नाही, म्हणून खाली जे लिहितोय त्यात जागोजागी 'असं असेल तर' आहे. पण मीही तुमच्यासारखा बडोद्यातच राहून तारेची वाद्यं दुरुस्त करतो, गेली काही वर्षं युकुलेले शिकवतोही, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं माझ्या टेबलावर दर पंधरवड्याला येतात. तुमच्या तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. एक तारांची, एक बांधणीची, आणि तिसरी तुमच्या कानाची. लहानपणी पाच वर्षं तंबोऱ्यावर गायलात असं तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्या प्रश्नातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. तिकडे येतोच.

आधी उतरण्याचं बघू. युकुलेलेच्या तारा म्हणजे नायलॉन किंवा त्याच्या जातीचं प्लास्टिक, धातूची तार नव्हे. नवीन तार ताणली की ती लांबत राहते, आठवडा-दोन आठवडे सहज. तुमच्या तारा मात्र चार महिन्यांच्या आहेत, म्हणजे रोज वाजवत असाल तर एव्हाना त्या स्थिरावायला हव्या होत्या. तरी दहा मिनिटांत उतरतात, म्हणजे बहुतेक गाठ सरकते आहे. तपासणं सोपं आहे: घोडीवर जिथे तार बांधली आहे, तिथे प्रत्येक तारेवर गाठीला लागून बॉलपेनने एक बारीक ठिपका द्या. वाद्य लावा, अर्धा तास वाजवा, ठिपका बघा. तो गाठीपासून पुढे सरकलेला दिसला, तर नव्या तारा आणूनही तुमचं हेच होणार आहे, कारण त्याही तशाच बांधल्या जातील. उत्तरायणात पतंगाचा किन्ना (कन्नी) बांधताना एक गाठ सरकली की पतंग कसा एका अंगावर जातो, तो प्रकार. शेपूट तारेखालून आणखी एकदा गुंडाळून, टोक घोडीच्या मागच्या कडेखाली दाबलं जाईल अशी गाठ पुन्हा बांधायची. शेपूट कापताना दोन-चार मिलिमीटर राखायचं. गुळगुळीत दिसावं म्हणून अगदी मुळाशी कापणाऱ्यांच्या तारा नंतर निसटतात.

ठिपका हलला नाही, तर खुंट्या बघा. दोन प्रकार असतात. कानासारख्या बाजूला निघालेल्या असतील तर दात्यांच्या, गिटारसारख्या. त्या सहसा आपण होऊन फिरत नाहीत. सरळ मागे निघालेल्या असतील तर बहुधा घर्षणाच्या, तंबोऱ्याच्या खुंटीच्या भाऊबंद. घर्षणाच्या खुंटीच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो चतकोर फेरा आवळला की खुंटी जागेवर राहते. जास्त आवळलात तर फिरवताना हात दुखेल, एवढंच. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे पुरे. सहा-सात वेढे दिलेले असतील तर तेही हळूहळू बसत राहतात आणि सूर खाली येत राहतो.

आणि सूर लावताना नेहमी खालून वर या. चढलेला असेल तर आधी मुद्दाम उतरवा, मग चढवत नेमक्या जागी थांबा. वरून खाली येऊन थांबलं की तार खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचेत अडकलेली राहते आणि दोन मिनिटांनी सुटून आणखी उतरते. तंबोरा जुळवताना तुमच्या बाईंनी हे करून दाखवलं असेल.

आता एफ आणि जी सेव्हनकडे. इथे मी जवळजवळ पैज लावायला तयार आहे.

सी कॉर्डमध्ये तुम्ही एकच बोट ठेवता, सर्वांत खालच्या ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी). एफ आणि जी सेव्हन या दोन्हींमध्ये तिच्या शेजारच्या ई तारेचा पहिला पडदा दाबावा लागतो. सी बरा आणि हे दोन बेसूर, म्हणजे बोट पहिल्या पडद्याकडे दाखवतंय. खुंट्यांच्या बाजूला जी पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, तिला नट म्हणतात. स्वस्त वाद्यात कारखाना या खाचा जाणूनबुजून उथळ ठेवतो. खोल खाच पडली तर तार खडखडते आणि वाद्य परत येतं. उथळ खाच राहिली तर फक्त बोटं दुखतात आणि गिऱ्हाईक समजतं की आपणच नवखे आहोत. उथळ खाचेमुळे तार पहिल्या पडद्यावर खूप उंच राहते. ती खाली दाबताना ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. तिसऱ्या पडद्यापर्यंत पोचता पोचता हा परिणाम बराच कमी होतो, पहिल्यावर सर्वांत जास्त असतो. म्हणून उघड्या तारा ट्यूनरवर हिरव्या, सी ठीक, आणि एफ कणसूर.

खात्री करून घ्या. ई तार नेमकी लावा, मग पहिला पडदा हलक्या हाताने, पडद्याच्या अगदी मागे दाबून वाजवा. ट्यूनरने एफ दाखवायला हवा. काटा बराच उजवीकडे गेला तर नट उंच. दुसरी चाचणी डोळ्यांची: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली किती फट उरते ते बघा. साधा कागद जेमतेम सरकेल इतकी हवी. पोस्टकार्ड आरामात जात असेल तर रोग सापडला. तिसरी चाचणी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असेल तर: पहिल्या पडद्यावर लावा, तारा पुन्हा जुळवा आणि एफचाच आकार धरा. आता नटाचं काम तो पडदा करतो. कॉर्ड एकदम गोड लागला, तर नटाशिवाय दुसरा गुन्हेगार शोधू नका.

कधी कधी नट ठीक असतो आणि दोष हाताचा निघतो. नवखा माणूस मान मुठीत आवळून धरतो, तार फळीपर्यंत दाबतो. हलक्या हाताने आणि घट्ट हाताने, दोन्ही करून काट्यातला फरक बघा, म्हणजे कळेल.

नट घासायला वाद्य गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. 'सेटअप करा' एवढंच न म्हणता 'नटाच्या खाचा खोल करायच्या आहेत, पहिला पडदा चढा लागतोय' असं सांगा, आणि काम सुरू होण्याआधी पैसे विचारा. घरी करू नका. मी माझ्या पहिल्या युकुलेलेचा नट स्वतः घासला होता, सुईफाइलने, मोठ्या ऐटीत. सी तारेच्या खाचेत एक फराटा जास्त पडला आणि तार पहिल्या पडद्यावर खरखरू लागली, कुणी घशात सुपारी अडकून गातंय तशी. खाचेत खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकतात, तो दगडासारखा घट्ट होतो आणि मग पुन्हा घासता येतो. तो उपाय मला त्या दिवशी शिकावा लागला. शेवटी ते काम मी तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराला दाखवलं. त्यांनी आयुष्यात युकुलेले पाहिलं नव्हतं. तार छेडली, कान लावला, तीन वेळा फाइल फिरवली आणि म्हणाले, 'हे खेळणं नाही हं, याला सूर आहे.'

आता तिसरी गोष्ट, तुमचा कान. नट नीट झाल्यावरही तुम्हाला थोडं खटकणार आहे, आणि ते गटातल्या कुणाला सांगितलंत तर त्यांना कळणार नाही.

युकुलेलेच्या चार तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा असतात. सी म्हणजे आपली पांढरी एक. तिला सा धरा. मग उघड्या तारा काय होतात? प, सा, ग, ध. भूप रागाचे पाचपैकी चार स्वर काहीही न दाबता तुमच्या हातात! उरला रे, तो सी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. वरचा सा ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत दोन्ही उघड्या तारा. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दुकान अर्धा तास बंद ठेवून वाजवत बसलो होतो. गटातल्या आठवड्याच्या गाण्याआधी रोज पाच मिनिटं एवढंच वाजवा: सा रे ग प ध सा आणि परत. शिकलेलं हातात उतरेल.

पण फोनवर तंबोरा लावून हे वाजवलंत, तर ग आणि ध किंचित चढे लागतील. ट्यूनर हिरवा असूनही. तुमचा कान बरोबर आहे आणि ट्यूनरही बरोबर आहे. पडद्यांचं वाद्य समान अंतराच्या स्वरांवर बांधलेलं असतं: पांढरी एक ते काळी एक हे अंतर १०० सेंट मोजलं, तर सप्तकाचे १२०० सेंट सारख्या बारा भागांत. त्यात गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर असतो. धैवतात फरक आणखी थोडा, ९०० आणि ८८४. चौदा-सोळा सेंट म्हणजे फार नाही, पण पाच वर्षं तंबोऱ्याशी बसलेल्या माणसाला ते खड्यासारखं लागतं. हार्मोनियमशी गवयांचं जुनं भांडण निम्मं याच कारणावरून. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, तेव्हाच्या वादातही हा मुद्दा होताच.

मग ग आणि ध कानाने उतरवून का लावू नयेत, असं तुमच्या मनात येईल. येऊ दे, मीही करून पाहिलंय. ए तार सोळा सेंट उतरवली की त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा वरचा सा तेवढाच उतरतो, आणि सी कॉर्डमध्ये खालचा सा आणि वरचा सा एकमेकांना ओळख देत नाहीत. एफमध्ये तर गंमतच. जी तारेचा दुसरा पडदा आणि उघडी ए तार हे दोन्ही एकाच उंचीचे धैवत आहेत. एक दाबलेला जागच्या जागी, दुसरा तुम्ही उतरवलेला. दोघं मिळून लाटा मारायला लागतात. म्हणून नियम असा ठेवा: कॉर्ड वाजवायचे असतील तर ट्यूनरप्रमाणे लावा आणि तंबोरा बंद ठेवा. एकेक स्वर घेऊन भूप वाजवायचा असेल तर तंबोरा लावा, ग आणि ध केसभर उतरवा, प नेहमी उघड्या जी तारेचाच घ्या, आणि वरच्या सा ला तार बोटाने किंचित बाजूला खेचा, म्हणजे तो जागेवर येईल. एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत.

कानाने लावण्याची सवय मात्र कॉर्डसाठीही करा. ट्यूनरवरून फक्त ए घ्या, ४४० हर्ट्झवर. ट्यूनरमधलं हे ४४० कधी कधी बटण दाबलं जाऊन बदललेलं असतं, तेही एकदा बघून घ्या. मग ई तारेचा पाचवा पडदा उघड्या ए शी मिळवा. सी तारेचा चौथा पडदा उघड्या ई शी. जी तारेचा दुसरा पडदा उघड्या ए शी. दोन तारा एकदम छेडल्यावर जी लाट ऐकू येते ती मंद होत होत थांबली की जुळलं. शेवटी ट्यूनरने पडताळा. दहा दिवसांत ट्यूनर फक्त पडताळणीपुरता उरेल. नट उंच असताना हे करू नका, दाबलेले स्वर चढे असल्याने सगळी माळच तिरकी ओवली जाईल.

तारांच्या जातीबद्दल फार लिहीत नाही, कारण इंटरनेटवर त्याची कमतरता नाही. साधं नायलॉन मऊ आणि घुमारेदार. फ्लुओरोकार्बन जास्त घन, त्यामुळे त्याच सुराला तार बारीक लागते आणि आवाज लख्ख येतो. मासेमारीच्या दोऱ्या याच पदार्थाच्या असतात. इटलीच्या अ‍ॅक्विला कंपनीचं नायलगट हे आतड्याच्या तातेची नक्कल करणारं प्लास्टिक, कारण युकुलेलेला मुळात तातच असायची. तिन्ही चांगल्या. तुमच्या सोप्रानोवर सोप्रानोचाच सेट लावा, पाकिटावर लिहिलेलं असतं. धातूच्या गिटारच्या तारा मात्र चुकूनही लावू नका, घोडी उखडून हातात येईल.

लो जी बद्दल. नेहमीच्या लावणीत जी तार सी पेक्षा उंच असते, म्हणून वरून खाली हात फिरवला की आवाज आधी उंच, मग खाली, मग पुन्हा वर जातो. तो उड्या मारणारा आवाज म्हणजेच युकुलेलेची ओळख. लो जी लावली की ती तार एक सप्तक खाली येते आणि मंद्र पंचम, मंद्र धैवत हाताशी येतात. तुम्ही गाणाऱ्या आहात, पुढे भावगीतांच्या चाली एकेका स्वराने वाजवाव्याशा वाटतील, तेव्हा याचा उपयोग आहे. पण सोप्रानोच्या छोट्या देहाला एवढा खाली स्वर झेपत नाही, थप्प वाजतो. जाड तारेसाठी खाचही रुंद करावी लागते आणि परत फिरायचं म्हटलं की ती खाच ढिली लागते. शिवाय तुमच्या गटातले गाण्यांचे कागद उंच जीसाठी लिहिलेले असणार. आत्ता नको.

सॉलिड लाकडाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. त्याचा आवाज चांगला, यात वाद नाही. पण ते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असतं, आणि बडोद्याची हवा त्याचं ऐकत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, जुलैत भिंतींना ओल. माझं एक सॉलिडचं वाद्य मे महिन्यात मी गाडीत विसरलो, खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन येईपर्यंत. तासाभराने घोडीची मागची कड उचललेली होती. चूक माझीच. लॅमिनेट अशा गोष्टी मुकाट्याने सोसतं. सहा महिने रोज वाजवून झाल्यावर, एका दिवाळीनंतर, वाटलं तर बघू.

पट्टीचं सोपं आहे. काळी चारला तुमचा सा, म्हणजे जी शार्प. गटात गाणं सी मध्ये देतात, आणि सी पासून तिथपर्यंत कॅपो सरकवत नेला तर आठव्या पडद्यावर जाल, बोटं ठेवायला जागाच उरणार नाही. त्याऐवजी गाणं जी च्या घरात आणा आणि कॅपो फक्त पहिल्या पडद्यावर लावा. सी च्या जागी जी: ०२३२. एफ च्या जागी सी: ०००३. जी सेव्हनच्या जागी डी सेव्हन, त्याचा सोपा आकार २०२०. ए मायनरच्या जागी ई मायनर: ०४३२, हा सुरुवातीला बोटांना छळेल. आकडे जी, सी, ई, ए या तारांच्या क्रमाने पडद्यांचे आहेत. कॅपो युकुलेलेचा छोटा घ्या, गिटारचा जड पडतो. लावल्यावर तारा पुन्हा तपासा, कारण कॅपोही थोडं चढवतो. एखादं गाणं काळी पाचमध्ये बरं वाटलं तर हेच आकार, कॅपो तिसऱ्यावर.

राहता राहिला रविवारचा कॉल. तुम्ही मागे पडत नाही, आवाज उशिरा येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांब बसलेल्या तबलजीचा ठेका तुम्हाला तीसेक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एवढ्या उशिरापर्यंत माणसं जेमतेम सांभाळून घेतात. देशोदेशींच्या कॉलवर याच्या कितीतरी पट उशीर लागतो. तुम्ही त्यांच्या समेवर बरोबर आलात तरी त्यांना तुमची सम उशिरा ऐकू येणार, ते तुमच्यासाठी थांबणार, तुम्ही त्यांच्यासाठी, आणि लय गाळात. म्हणून अशा गटात एकाचा माइक चालू आणि बाकी सगळे बंद, हीच पद्धत चालते. तुमचा माइक बंद ठेवा आणि नेत्याबरोबर मोकळेपणाने वाजवा. तुमची पाळी येईल तेव्हा झूममधली 'ओरिजिनल साउंड' ही सोय चालू करा. नाहीतर तो प्रोग्रॅम तारेचा झंकार पंख्याची घरघर समजून पुसून टाकतो.

गट सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. दर आठवड्याला एक नवं गाणं पुरं करायची सवय एकट्याने लागत नाही. कागदावरून, घोळक्यात बसून शिकणं हे काही कमी प्रतीचं नाही. आपल्या बडोद्यातच १८८६ मध्ये मौलाबक्ष या गायकांनी गायनशाळा काढून स्वरलिपीवरून वर्गात गाणं शिकवायला सुरुवात केली होती. फक्त गटाकडे गाणी मागा, कॉर्ड मागा, हुरूप मागा. वाद्याचा आजार विचारायला ते वाद्य हातात घेऊ शकेल असा माणूस गाठा. आणि आपल्या शहरातलं अजून एक जण, युकुलेले नाही तर पेटी किंवा तबला वाजवणारं, शोधा. महिन्यातून एकदा कमाटी बागेत समोरासमोर बसलात की कॉलवर जे सहा महिन्यांत कळत नाही ते ठेक्याबद्दल कळेल. समोर बसलेल्या माणसाचा श्वास दिसतो.

तर क्रम असा धरा. आज पेनचे ठिपके आणि गाठी. उद्या नटाच्या चाचण्या. नट उंच निघाला तर या आठवड्यात तो घासून घ्या, आणि त्याच वेळी एक साधा फ्लुओरोकार्बनचा सोप्रानो सेट लावून मागा, कारण खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापतात. जुन्या तारांवर कापून नंतर बारीक तारा लावल्या तर काम पुन्हा करावं लागतं. नवीन तारा लागल्यावर प्रत्येकीला बाराव्या पडद्यापाशी धरून हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, असं आठ-दहा वेळा, रोज, आठवडाभर. क्लिपचा ट्यूनर नसेल तर तो, आणि एक छोटा कॅपो. एवढ्यात पाचांपैकी निम्मे तरी उरतील, माझ्या अंदाजाने.

नट झाल्यावर एफ धरा आणि फक्त जी आणि ए या दोन तारा एकदम छेडून त्याचं रेकॉर्डिंग इथे टाका. दोन धैवत आहेत ते. एकाच वाद्यातून येतायत की दोन वेगळ्या, ते मी ऐकून सांगतो. घोडीच्या गाठींचा जवळून एक फोटोही चालेल, उजेडात काढलेला.